उंच केलेल्या जीपला टायर केवढा?

युटा राज्यातल्या मोआब गावात दर वर्षी ईस्टरच्या सुमारास ‘ईस्टर जीप सफारी’ भरते. १९६७ साली गावच्या चेंबर ऑफ कॉमर्सने एका दिवसाची सहल म्हणून ती सुरू केली. आता ‘रेड रॉक फोर-व्हीलर्स’ हा तिथला क्लब ती चालवतो आणि लाल वालुकाश्माच्या उघड्या खडकांवर शेकडो गाड्या चढत-उतरत असतात. नव्या कोऱ्या रँग्लरांच्या त्या गर्दीत एक चौकोनी, कोनाकोनांची जुनी गाडी हमखास दिसते. ती जीप चेरोकी. कारखान्यातल्या सांकेतिक नावावरून तिला सगळे ‘एक्सजे’ म्हणतात. अमेरिकन मोटर्स कंपनीने १९८४च्या मॉडेलपासून ती ओहायोतल्या टोलेडो इथे बनवायला घेतली. १९८७ साली क्रायस्लरने ती कंपनीच विकत घेतली, आणि २००१ साली अमेरिकेतलं उत्पादन थांबेपर्यंत २८ लाखांहून जास्त चेरोकी रस्त्यावर आल्या होत्या. म्हणून ती अजून मिळते, तिचे सुटे भाग कुठल्याही गावात मिळतात, आणि डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटीकडे नोकरीला गेलेल्या मराठी तरुणालाही पहिली ‘फोर बाय फोर’ म्हणून ती परवडते.

गाडी हाती आली की ती उंच करायचे बेत सुरू होतात. स्प्रिंगा बदलायच्या, तीन किंवा साडेचार इंचांची ‘लिफ्ट’ घालायची, आणि मग टायर केवढा बसेल हे विचारत फिरायचं. उत्तर तयार मिळतं: तीन इंचांच्या लिफ्टला ३१चा टायर, साडेचार इंचांच्या लिफ्टला ३३चा. हे उत्तर अगदी चूक आहे असं नाही, पण त्यात प्रश्न उलटा मांडलेला आहे. गाडी कुठल्या वाटेवर न्यायची हे आधी ठरवावं, त्या वाटेला पुरेल असा टायर निवडावा, आणि त्या टायरला लागेल तेवढीच लिफ्ट घालावी. या क्रमाने गेलं तर पैसे वाचतात, आणि त्याहून मोलाचं म्हणजे गाडी रस्त्यावर धड चालते.

कारण साधं आहे. लिफ्टमुळे गाडीचं धड वर जातं. अ‍ॅक्सल जागचा हलत नाही. चाकांच्या मधोमध लोंबणारा डिफरन्शियलचा गोळा, जो खडकावर सगळ्यात आधी आपटतो, तो चार इंचांच्या लिफ्टनंतरही जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर राहतो. त्याला वर उचलतो तो फक्त टायर, आणि तोही व्यास जितका वाढेल त्याच्या निम्म्यानेच. २८ इंचांच्या टायरऐवजी ३१चा बसवला तर डिफरन्शियल दीड इंच वर गेला, ३३चा बसवला तर अडीच इंच. लिफ्टचा फायदा वेगळा आहे. दोन चाकांच्या मधलं पोट खडकाच्या टोकावर टेकत नाही, चढणीच्या तोंडाशी बंपर अडकत नाही, आणि मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा मिळते.

टायरवरचे आकडे वाचता आले की निम्मं काम झालं. चेरोकीच्या बऱ्याच मॉडेलांना कारखान्यातून २२५/७५ आर १५ टायर येत. २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे रिमपासून जमिनीपर्यंतची बाजू रुंदीच्या ७५ टक्के उंच, ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि १५ हा रिमचा इंचांमधला व्यास. बाजूची उंची १६८.७५ मिलिमीटर झाली. तिची दुप्पट ३३७.५, त्यात १५ इंचांचे ३८१ मिलिमीटर मिळवले की ७१८.५ मिलिमीटर, म्हणजे २८.३ इंच व्यास. उंच गाड्यांचे टायर बहुतेक दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले असतात: ३१×१०.५० आर १५. इथे गणित नको. व्यास ३१ इंच, रुंदी साडेदहा इंच, रिम १५ची. मात्र हे ३१ नावापुरतं असतं. प्रत्यक्ष टायर बहुधा साडेतीस इंचांच्या आसपास भरतो, आणि गाडीच्या वजनाने खाली दबून आणखी थोडा कमी. कंपनीच्या तक्त्यात प्रत्यक्ष व्यास आणि एका मैलाला चाक किती फेरे घेतं हे दिलेलं असतं. दोन कंपन्यांचे ‘३१’ शेजारी उभे केले तर फरक डोळ्यांना दिसतो, म्हणून हिशोब तक्त्यातल्या आकड्यावर करावा.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना या सगळ्याआधीची तिसरी पद्धत ठाऊक आहे: ६.००-१६. महिंद्राने १९४७पासून मुंबईत ज्या विलीज जीपा जुळवायला घेतल्या त्यांचा हा टायर. अनेक ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकाचाही हाच. रुंदी सहा इंच, रिम सोळाची, आणि बाजूची उंची रुंदीइतकीच धरली की व्यास २८ इंच. दुसऱ्या महायुद्धात वाळवंटात आणि चिखलात फिरलेली जीप याच टायरांवर होती, आणि पुढे आपल्याकडे खेडोपाडी, डोंगरातल्या कच्च्या वाटांवर याच टायरांनी माणसं वाहिली. चाळीस वर्षांनी आलेल्या चेरोकीचा टायर अर्ध्या इंचानेही मोठा नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण मोठ्या टायराशिवाय डोंगरात जाताच येत नाही अशी समजूत नवख्यांच्या मनात घट्ट बसलेली असते. कोलोरॅडोतल्या खाणींकडे जाणाऱ्या बहुतेक जुन्या वाटा कारखान्यातून आलेल्या, चांगल्या नक्षीच्या टायरांवर होतात.

मोठा टायर लागतो तो जिथे पायऱ्यांसारखे खडक आहेत तिथे. मोआबच्या ‘हेल्स रिव्हेंज’ या वाटेवर वालुकाश्म सँडपेपरसारखा खरखरीत असतो. रबर त्याला धरून राहतं, पण कपारी आणि उंच पायऱ्या आहेतच, आणि पायरीवर चढायला चाकाचा व्यासच कामी येतो. कॅलिफोर्नियातली रुबिकॉनची वाट तर दगडगोट्यांचीच. १९५३पासून जॉर्जटाउनहून ‘जीपर्स जँबोरी’ ज्या वाटेने टाहो सरोवराकडे निघते ती हीच. तिथे ३३ची मागणी खरी आहे. वर्षातून एकदा मोआबला जायचं, बाकी हिवाळ्यात बर्फातून कामावर जायचं आणि उन्हाळ्यात मुलांना घेऊन तंबू ठोकायचा, असा बेत असणाऱ्याला ३३ची गरज नाही.

आता जागेचा प्रश्न. गाडी अंगणात सपाट उभी असताना टायर आणि मडगार्ड यांच्यात चार बोटं जागा दिसते आणि माणूस खूश होतो. टायर घासतो तो मात्र स्प्रिंग पूर्ण दबलेली असताना आणि स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलेलं असताना. स्प्रिंग पूर्ण दबली की लिफ्ट किती होती याला काहीच अर्थ उरत नाही. अ‍ॅक्सल वर जाऊन जिथे थांबतो ती जागा ‘बंप स्टॉप’ नावाच्या रबरी ठोकळ्याने ठरते. ठोकळा उंच केला नाही, तर सहा इंचांची लिफ्ट घातलेल्या गाडीतही टायर मडगार्डमध्ये घुसून पत्रा वाकवतो. तो जास्तच उंच केला, तर स्प्रिंगला खेळायला वाव राहत नाही आणि लिफ्टचे पैसे वाया जातात. मधला मार्ग म्हणजे मडगार्डची खालची कड कापून घेणं. चेरोकीला वेगळी चौकट नाही. धड आणि चौकट एकच आहे. त्यामुळे मागच्या मडगार्डच्या आत जिथे दोन पत्रे एकमेकांना जोडलेले आहेत तिथे कापल्यावर ते पुन्हा नीट जोडावे लागतात, नाहीतर पाणी शिरून गंज धरतो. मिशिगन-ओहायोकडे रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या गाडीला तर ही काळजी घ्यावीच लागते.

आतल्या बाजूलाही घासतं. कारखान्यातली सात इंच रुंदीची रिम बरीच आत बसते. तिच्यावर ३१×१०.५० घातला की स्टिअरिंग पूर्ण वळवताना टायर पुढच्या खालच्या कंट्रोल आर्मला लागतो. स्टिअरिंगच्या थांब्याच्या बोल्टखाली एक-दोन वॉशर घातले की हे थांबतं. गाडी वळायला थोडी जास्त जागा घेते इतकंच. दुसरा उपाय म्हणजे बाहेर येणाऱ्या रिमा किंवा मध्ये बसवायचे स्पेसर. त्याने आतलं घासणं बंद होतं, पण बाहेर आलेला टायर वळताना मोठा घेर घेतो आणि मडगार्डच्या मागच्या कोपऱ्याला लागतो. बेअरिंगवर आणि बॉल जॉइंटवर तरफेसारखा जोर येतो तो वेगळाच. मी वॉशरच्या बाजूचा आहे. रिम जितकी कमी बाहेर काढावी लागेल तितकं बरं.

रिमच्या रुंदीवरूनही निर्णय होतो. ३१×१०.५० टायर सात ते नऊ इंचांच्या रिमवर चालतो, म्हणजे जुनी रिम राहू शकते. ३३×१२.५० टायरला किमान साडेआठ इंचांची रिम लागते. सात इंचांच्या रिमवर तो ओढूनताणून चढवला तर मधली नक्षी फुगते, कडा जमिनीला टेकत नाहीत, आणि हवा कमी केल्यावर टायर रिममधून निसटण्याचा धोका वाढतो. म्हणून ३३ म्हटलं की पाच टायरांबरोबर पाच रिमा आल्या.

एवढं सगळं दिसणारं आहे. न दिसणारा खर्च गिअरचा आहे, आणि उंच केलेल्या जुन्या गाड्या ‘मरगळल्या’ वाटतात त्या बहुधा याच कारणाने. चार लिटरचं इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या बऱ्याच चेरोकींमध्ये अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ३.५५ असतं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मागचा शाफ्ट साडेतीनहून थोडे जास्त फेरे घेतो. टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते. गुणोत्तर छोटं केल्यासारखाच हा परिणाम आहे. ३.५५ला २८.३ने गुणून ३१ने भागलं की ३.२४ येतं, ३३ने भागलं की ३.०४. गिअरच्या सायकलवर मोठा गिअर लावून घाट चढताना मांड्या भरून येतात, तसं इंजिनाचं होतं. ताशी ६० मैलांच्या वेगाला चौथ्या, ओव्हरड्राइव्हच्या गिअरमध्ये मूळ टायरांवर इंजिन मिनिटाला सुमारे १,९०० फेरे घेतं. ३३च्या टायरावर ते १,६३०च्या आसपास येतं. कागदावर हे पेट्रोल वाचवणारं दिसतं. प्रत्यक्षात त्या फेऱ्यांवर इंजिनाकडे जोर कमी असतो, गिअरबॉक्स सारखा तिसऱ्यात उतरतो आणि पुन्हा चौथ्यात जातो, त्यातलं तेल तापतं, आणि डेन्व्हरहून पश्चिमेला रॉकीजचा चढ लागला की ओव्हरड्राइव्ह बंद करूनच गाडी हाकावी लागते.

मूळचा जोर परत मिळवायचा असेल तर गुणोत्तर त्याच प्रमाणात वाढवावं लागतं: ३१ला ३.८९, ३३ला ४.१४. बाजारात मिळतात ते ३.७३, ४.१०, ४.५६. टायर नुसता मोठाच नाही, जडही झालेला असतो, म्हणून ३३वाले बहुतेक ४.५६कडे जातात. ३१वर ३.५५ ठेवून बरेच लोक वर्षानुवर्षं सुखाने गाडी चालवतात, आणि ४.१० केलं तर सुख वाढतं. पण एक लक्षात ठेवायचं. पुढचा आणि मागचा अशा दोन्ही अ‍ॅक्सलांचे गिअर बदलावे लागतात, आणि दोघांचं गुणोत्तर एकच असावं लागतं. हे काम घरच्या गॅरेजात हौसेने करण्यासारखं नाही. पिनियन किती आत बसला आणि दातांची खूण कुठे उमटली हे हजारांश इंचांत मोजावं लागतं. जाणत्या कारागिराकडून दोन्ही अ‍ॅक्सल करून घ्यायचे तर खर्च सहज हजार डॉलरच्या पुढे जातो.

ही गोष्ट हौशी लोकांनी शोधून काढलेली नाही. कारखान्याचाही हिशोब हाच आहे. जीपने २००३च्या मॉडेलांत रँग्लरचं ‘रुबिकॉन’ आणलं तेव्हा त्याला २४५/७५ आर १६ टायर दिला. गणित करून पाहिलं तर तो साडेतीस इंचांचा, म्हणजे नावाने ३१चाच, आणि त्याच्यासोबत सुमारे ४.१०चं गुणोत्तर आणि मजबूत डाना ४४ अ‍ॅक्सल होते. २०२१ साली त्यांनी ३५ इंची टायरांचा ‘एक्स्ट्रीम रेकॉन’ संच काढला तेव्हा दीड इंचाची लिफ्ट, ४.५६चं गुणोत्तर, वर सरकवलेली मडगार्डं, आणि जड स्टेपनी पेलण्यासाठी मागच्या दाराला जादा बळकटी, असं सगळं एकत्र दिलं. ज्यांनी गाडी बनवली ते एकटा टायर कधी बदलत नाहीत.

चेरोकीच्या बाबतीत मागचा अ‍ॅक्सल कोणता आहे हे तर आधीच पाहायला हवं. काहींना डाना ३५ आहे, काहींना क्रायस्लरचा सव्वाआठ इंची, आणि थोड्या गाड्यांना डाना ४४. डिफरन्शियलच्या मागच्या झाकणावरून ओळख पटते: डाना ३५चं झाकण लंबगोल, क्रायस्लरच्या झाकणाची खालची कड सपाट. डाना ३५ हलक्या कामाचा आहे. ३१वर सांभाळून चालवला तर तो टिकतो, पण ३३चे टायर, दोन्ही चाकांना एकत्र जखडणारा लॉकर आणि खडकात फसलेलं चाक एकत्र आले की त्याचा शाफ्ट मोडतो. १९९०च्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत हा शाफ्ट आतून एका छोट्या चापाने धरलेला असतो. चापाच्या बाहेर शाफ्ट तुटला तर चाकासकट तो बाहेर सरकू शकतो. हायवेवर असं होणं किती भयंकर आहे हे सांगायला नको. डाना ३५ असलेल्या गाडीला ३३ घालू नये, असं मला ठामपणे वाटतं.

टायर बदलला की स्पीडोमीटरचा काटा खोटं बोलतो. ३१वर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ६६ने धावत असते, ३३वर ७०ने. ओडोमीटरही तितकाच मागे पडतो. मोठे टायर घातल्यावर ‘अ‍ॅव्हरेज फारच पडलं’ अशी तक्रार ऐकू येते, तिच्यातला काही भाग या चुकीच्या मोजणीचा असतो. ३१च्या टायरांवर ओडोमीटरचे १,००० मैल म्हणजे खरे १,०९५ मैल. चेरोकीत यावर स्वस्त उपाय आहे. पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसच्या मागे एक छोटं प्लास्टिकचं दातेरी चाक काट्याला गती देतं. टायरचा व्यास आणि अ‍ॅक्सलचं गुणोत्तर धरून योग्य दातांचं चाक निवडलं, आणि त्याचं घर दातांच्या संख्येप्रमाणे खुणेवर फिरवून बसवलं, की काटा खरं सांगू लागतो.

ब्रेकचं मात्र इतक्या स्वस्तात भागत नाही. डिस्क आणि ड्रम तेवढेच राहतात, टायरची त्रिज्या वाढते. त्यामुळे तेवढ्याच दाबाला जमिनीवर पडणारी रोखण्याची ताकद ३१वर सुमारे नऊ टक्क्यांनी आणि ३३वर चौदा टक्क्यांनी घटते. शिवाय जड चाक एकदा फिरू लागलं की थांबायला वेळ घेतं. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीचे रबरी पाइप आणि मागचे ड्रम आधी दुरुस्त करून मगच टायरचं पाहावं. स्टिअरिंगचे सांधेही तसेच. ट्रॅक बारचा बुश किंवा टाय रॉडचं टोक किंचित ढिलं असेल तर लहान टायर ते झाकून नेतो, मोठा नेत नाही. ताशी पन्नासेक मैलांवर एका खड्ड्याने पुढचा सगळा अ‍ॅक्सल थडथडू लागतो. अमेरिकेत याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. स्टिअरिंग घट्ट धरून हळूहळू वेग कमी करणं एवढंच त्या वेळी हाती असतं. अशा गाडीत लोक स्टिअरिंगला जोडलेला डँपर बदलून मोकळे होतात. थरथर काही दिवस दबते, ढिला सांधा तसाच राहतो.

उलटण्याचा धोकाही मोजता येतो. अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था, एनएचटीएसए, २००१च्या मॉडेलांपासून गाड्यांना उलटण्याबाबत तारे देते. सुरुवातीला त्या हिशोबाचा पाया एकच साधं गुणोत्तर होता: दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा चाकांमध्ये ५८ इंच अंतर आहे आणि गुरुत्वमध्य २६ इंचांवर. उत्तर १.१२. लिफ्ट आणि टायर मिळून तो चार इंच वर गेला की उत्तर ०.९७. आकडा किरकोळ दिसतो, पण हायवेवर हरीण आडवं आल्यावर झटकन स्टिअरिंग फिरवणाऱ्या माणसासाठी तो किरकोळ नाही. टपावर सामानाची जाळी आणि दुसरी स्टेपनी चढवली की तो आणखी खाली येतो. म्हणूनच लागेल तेवढीच लिफ्ट, असा माझा आग्रह आहे.

उलटण्याचा संबंध टायरमधल्या हवेशीही येतो, आणि तो विषय निघाला की अमेरिकेत अजून एक प्रकरण आठवतं. ऑगस्ट २०००मध्ये फायरस्टोन कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोरर गाडीला बसवलेले, २३५/७५ आर १५ आकाराचे होते, म्हणजे चेरोकीच्या टायरचे सख्खे शेजारी. उन्हाळ्यात, वेगात असताना नक्षीचा पट्टा सुटून यायचा आणि उंच गाडी उलटायची. एनएचटीएसएने या टायरांशी जोडलेले अमेरिकेतले मृत्यू २७१ होते. टायरमधले दोष हे मूळ कारण होतंच, पण फोर्डने सांगितलेली २६ पीएसआय हवा पुरेशी होती का, यावर दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने ‘ट्रेड’ कायदा केला आणि त्यातूनच टायरमधली हवा कमी झाल्यावर डॅशबोर्डवर दिवा लावणारी यंत्रणा सप्टेंबर २००७पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली. चेरोकीत हा दिवा नाही. तिच्या मालकाच्या खिशात हवा मोजायचं मीटर असायलाच हवं.

नव्या मापाच्या टायरात हवा किती, हे दारावरच्या चिकटपट्टीवर सापडत नाही, कारण ती पट्टी जुन्या टायरासाठी आहे. टायरच्या बाजूवर लिहिलेला ५० पीएसआयसारखा आकडा हा पूर्ण भाराचा दाब असतो. ३१×१०.५० आर १५चा भारांक बहुधा १०९ असतो, म्हणजे त्या दाबाला एक टायर १,०३० किलो पेलतो. सगळी चेरोकीच दीड टनाच्या आसपास असते; तिला एवढा फुगवलेला टायर दगडासारखा कडक होतो आणि मधूनच झिजतो. कंपनीच्या भार-दाबाच्या तक्त्यावरून सुरुवात करावी आणि खडूने पडताळावं. नक्षीवर आडवी जाड रेघ ओढायची, कोरड्या सपाट रस्त्यावर गाडी थोडी सरळ चालवायची, आणि रेघ कुठे पुसली ते पाहायचं. मधेच पुसली तर हवा जास्त, कडांनाच पुसली तर कमी. चेरोकी बहुधा तिशीच्या आसपास स्थिरावते. सामान भरून लांबच्या प्रवासाला निघताना थोडी जास्त भरावी. खडकात किंवा वाळूत उतरताना मात्र पंधरा-अठरापर्यंत खाली आणायची. टायर लांबट पसरतो, दगडाला कवेत घेतो, आणि गाडी धक्के कमी देते. ३१वर हवा उतरवून मिळणारी पकड ३३ पूर्ण फुगवून मिळत नाही. डांबरी रस्त्याला लागण्याआधी कंप्रेसरने हवा परत भरायची. कमी हवेवर हायवेच्या वेगाने टायर आतून तापतो, आणि पट्टा सुटण्याची सुरुवात तिथूनच होते.

नक्षी कोणती? खडबडीत ‘मड टेरेन’, ज्याला आपल्याकडे बटन टायर म्हणतात, तो चिखलात उत्तम. पण ओल्या डांबरावर आणि गोठलेल्या बर्फावर तो घसरतो आणि हायवेवर घोंघावतो. रोज वापरायच्या गाडीला ‘ऑल टेरेन’च हवा. १९७६ साली बीएफगुडरिचने हलक्या ट्रकांसाठी रेडियल ऑल टेरेन आणला तेव्हापासून हा प्रकार सुधारत आला आहे. बाजूवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असेल तर बर्फातली चाचणी तो पास झाला आहे.

चारही टायर एकाच मापाचे, एकाच झिजेचे असावेत, आणि स्टेपनीही त्याच मापाची. पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. एक टायर लहान असेल तर सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. चेरोकीची स्टेपनी आत, सामानाच्या जागेत डाव्या बाजूला उभी असते. ३१ तिथे कसाबसा मावतो. ३३साठी मागच्या बंपरला वेगळी फिरती चौकट जोडावी लागते.

कायदा राज्याराज्यात वेगळा आहे. कॅलिफोर्नियात चौकटीच्या उंचीवर मर्यादा आहे: ४,५०० पौंडांपर्यंतच्या एकूण वजनमर्यादेच्या (गाडी अधिक भार) ट्रक-वर्गातल्या गाडीला २७ इंच, ४,५०१ ते ७,५०० पौंडांपर्यंत ३० इंच. काही राज्यांत टायर मडगार्डच्या बाहेर डोकावलेला चालत नाही. राज्य बदललं की नियम बदलतो, म्हणून खरेदीआधी आपल्या राज्याचा नियम वाचावा. महाराष्ट्रात राहून थार किंवा जुनी एमएम ५४० उंच करू पाहणाऱ्याला मोकळीक याहून कमी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे.

तेव्हा मला कोणी विचारलं तर मी सांगेन: सव्वाआठ इंची अ‍ॅक्सलची, गंज नसलेली चेरोकी, तीन इंचांची चांगली लिफ्ट, मूळ रिमा, ३१×१०.५० आर १५चे पाच ऑल टेरेन टायर, आणि पुढे पैसे जमले की ४.१०चे गिअर. लिफ्टच करायची नसेल तर २३५/७५ आर १५ घ्यावा. अर्ध्या इंचाहून जास्त व्यास वाढतो आणि बाकी काही बदलावं लागत नाही. रुबिकॉनला जायचंच असेल तर ३३ घ्या, पण अ‍ॅक्सल, गिअर, रिमा आणि ब्रेक यांचा खर्च आधी एका कागदावर लिहून काढा.

दुकानात टायर बसवण्याआधी बाजूवरचे ‘डॉट’ नंतरचे शेवटचे चार आकडे पाहावेत. २३२४ म्हणजे २०२४च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. १५ इंची मापांना आता गिऱ्हाईक कमी आहे, त्यामुळे गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर गळ्यात पडू शकतो. जुन्या गाडीबरोबर आलेली स्टेपनी तर हमखास म्हातारी निघते. दहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कोरी दिसली तरी ती बदलावी. बसवून झाल्यावर रिकाम्या मैदानात स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून पाहावं, मग एक चाक उंचवट्यावर चढवून पुन्हा फिरवून पाहावं, आणि पन्नासेक मैल चालवल्यावर प्रत्येक चाकाचे पाचही नट टॉर्क रेंचने पुन्हा ताणून घ्यावेत.